थंड इंजिनाचे दोन सेकंद

"ऐकू आलं?" बाबांनी विचारलं.

रविवार होता आणि ती घाईत होती. फाटकाबाहेर खेळगड्यांची टोळी शिट्ट्या मारत होती, आणि इथे गॅरेजात बाबांनी तिला एका गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी उभं केलं होतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणाला, मूठ तिच्या कानाला. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. तिला नुसती धडधड ऐकू आली, दुसरं काही नाही.

"आलं ना? अगदी सुरुवातीचं, खर्रर्र? चेन सैल झाली की असंच वाजतं."

"हो, आलं!" स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात कोंबून ती पळालीसुद्धा.

"शाबास रे माझ्या दहाच्या पान्या!" बाबा मागून ओरडले. गॅरेजात दहा नंबरचा पाना हवा तेव्हा कधी सापडत नसे, आणि तीही सापडत नसे. म्हणून गल्लीभर तिचं नाव 'दहा'.

सोमवारी तिसऱ्या तासाला मुख्याध्यापकांनी तिला वर्गाबाहेर बोलावलं. त्यानंतर तिने बाबांना पाहिलं, पण बाबांनी तिला पाहिलं नाही.

चार महिन्यांनी सुट्टी लागली. गॅरेज आता बाबांसोबत काम केलेले मिस्त्रीकाका चालवत होते. बुधवारी सकाळी तिघं जण चेंडू शोधत शेडमध्ये शिरले: दहा, तिचा धाकटा भाऊ भोंगा, ज्याची कुजबुजही चौकापर्यंत जाई, आणि शेजारचा शंकासुर, ज्याला सूर्य उगवल्याचाही पुरावा लागे. तेवढ्यात काकांनी आत्याची गाडी बाहेर काढायला सुरू केली.

खर्रर्र!

डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. क्षणभरच. मग गप्प.

दहा जागच्या जागी थबकली. "काका! टायमिंग चेन वाजतेय!"

"ते काय असतं?" भोंगा ओरडला.

"इंजिनाचा खालचा भाग नि वरचा भाग एका तालात ठेवणारी साखळी. झिजली की सैल पडते, आणि एखादा दात निसटला की इंजिन बंद!"

"कुठं वाजतेय? ऐक की!" काका हसले. इंजिन आता अगदी तालात चाललं होतं. "बाई गं, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नये. जा, खेळा!"

पण आत्या नर्स होती, आणि शनिवारी ती हीच गाडी घेऊन डोंगरापलीकडच्या दवाखान्यात रुजू व्हायला निघणार होती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी!

गुरुवारी नऊ वाजता दहाने आत्याला ओढतच आणलं. "सुरू कर!"

काही नाही.

"पुन्हा कर!"

काही नाही. आत्याने तिच्या गालावरून हात फिरवला. "बाळा, तुला बाबांची आठवण येतेय. कळतं मला."

"आठवणीचा काय संबंध? मी चेनबद्दल बोलतेय!"

आईकडे गेली, तर आई म्हणाली, "मिस्त्री तीस वर्षं हेच करताहेत गं." दहाने अंगणातली बादली लाथाडली. पायाला लागलं ते वेगळंच.

"कुणी ऐकूनच घेत नाही! लहान आहे म्हणून? की आता बाबा नाहीत म्हणून?"

"पण पुरावा कुठाय?" शंकासुर म्हणाला.

"तूसुद्धा?"

"चिडू नको ना! बुधवारी वाजलं, आज नाही. मधे काय बदललं, एवढंच विचारतोय."

भोंगा कंटाळून आत्याच्या गाडीच्या बॉनेटवर चढायला गेला आणि टुणकन उडाला. "आई गं! भाजलं!"

दहाने बॉनेटला हात लावला. तापलेलं! रोज आठ वाजता काका सगळ्या गाड्या अंगणात काढत आणि बॅटरीसाठी अर्धा तास चालू ठेवत. अगदी सुरुवातीचं, असं म्हणाले होते ना बाबा?

"मूर्ख आहे मी!" ती ओरडली. "रात्रभर तेल खाली उतरून बसतं. सुरू केल्यावर वर चढायला त्याला दोन सेकंद लागतात. तेवढ्यातच सैल चेन वाजते, मग तेलाच्या दाबाने ताणली जाते. गरम गाडी कधीच बोलणार नाही!"

"मग गाडी थंडच ठेवायची," शंकासुर म्हणाला. त्याला पहिल्यांदाच पुरावा लागला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजातल्या खुंटीवरची आत्याच्या गाडीची किल्ली भोंग्याच्या खिशात गेली.

शनिवारी आठ वाजता गॅरेजात नुसता गोंधळ! काका खोके उपसताहेत, आत्या बॅगा घेऊन खोळंबलीय, आई घरातून धावत आलीय.

"किल्ली काय उडून गेली?" काका गरजले.

तिघं मोठे गाडीपाशी जमलेले पाहून दहाने भोंग्याला मानेनं खूण केली.

"सापडलीऽऽ!" भोंग्याने अख्खी गल्ली जागी केली आणि किल्ली आत्याच्या हातात ठेवली.

दहाने बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हर इंजिनाच्या पुढच्या झाकणाला टेकवला आणि मूठ काकांच्या कानाशी धरली. "दोनच सेकंद, काका. मग हवं तेवढं रागवा."

आत्याने किल्ली फिरवली.

खर्रर्र!

काकांचा चेहरा उतरला. "बंद कर," ते हळूच म्हणाले. इंजिनावरचं तेल भरायचं झाकण काढून त्यांनी आतली चेन स्क्रूड्रायव्हरने उचलली, तर ती जुन्या नाडीसारखी सैल वर आली.

दुपारी काकांनी जुनी आणि नवी चेन शेजारशेजारच्या खिळ्यांवर टांगली. जुनी चांगली अर्धं बोट खाली लोंबत होती.

"लोखंड लांबतं?" शंकासुराने डोळे मोठे केले.

"प्रत्येक कडी केसभर झिजते. सगळ्यांचं मिळून एवढं," काका म्हणाले. मग दहाकडे वळले. "चुकलं माझं. थंड गाडी ऐकल्याशिवाय हलवायची नाही, ही तुझ्या बाबांची पद्धत. मी घाईत सोडून दिली."

"आणि मी तुला 'बाबांची आठवण येतेय' म्हणत गप्प केलं," आत्या म्हणाली. "वळणावर बंद पडली असती गं गाडी!" आईने दहाला जवळ ओढलं.

"बापाचा कान घेतलाय पोरीनं!" काकांना राहवेना. "त्या रविवारी संध्याकाळी मला दोनदा सांगितलं त्यांनी. 'एकदाच ऐकवलं, आणि पोरीनं पकडलं!' म्हणाले. आज पटलं मला, खरंच होतं ते."

सगळे हसले. भोंग्याने टाळ्या पिटल्या. दहा हसली नाही. स्क्रूड्रायव्हर अजून तिच्या हातात होता. मूठ घासून घासून गुळगुळीत झालेली.

"खरं नव्हतं," ती म्हणाली.

"काय गं?"

पण ती काकांशी बोलतच नव्हती.

"बाबा, त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं! खेळायला जायचं होतं, म्हणून हो म्हणाले मी. 'पुन्हा एकदा ऐकवा', एवढंच म्हणायला हवं होतं."