चार पायांचे ठसे

"मावशी, रडू नका! आधी हे पाहा!" मिनल ओल्या जमिनीवर वाकून ओरडली.

नाग नदीच्या पुरामुळे शाळेला आठवडाभर सुट्टी होती. मिनल, रोशन आणि नूपुर शेजारच्या जिजामावशींच्या घरातला गाळ उपसायला आले होते. होतं नव्हतं ते सगळं भिजलं होतं, पण मावशींचं काळीज तुटत होतं ते शिलाई मशीनसाठी. तिच्यावरच तर त्यांचं घर चालायचं!

"वाहून गेली वं माझी लक्ष्मी," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

"प्लास्टिकची बादली राहिली आणि लोखंडी मशीन वाहून गेली? शक्यच नाही!" मिनलनं कोपऱ्यात बोट दाखवलं. सगळीकडे गाळाचा थर, पण तिथं चार पायांच्या जागा कोऱ्या! "गाळ बसला तेव्हा मशीन इथंच होती. पाणी ओसरल्यावर कुणीतरी नेली!"

"चोर!" रोशननं फावडं उगारलं.

"थांब ना बे!" नूपुर म्हणाली. "मावशी, काल इथं कोण आलं होतं?"

"मी तर छावणीत होती. गल्लीतल्या मंडळाची पोरं सफाईसाठी येऊन गेली म्हणे."

तिघंही मंडळाच्या मैदानाकडे सुसाट पळाले. 'पूरग्रस्त मदत केंद्र' असा फाटका बॅनर फडफडत होता, आणि त्याच्याखाली मिक्सर, पंखे यांच्या ढिगात मावशींची मशीन! शेजारी भंगारवाल्याचा टेम्पो सुरूच होता.

"रुपरावकाका, ही जिजामावशींची आहे!" मिनल म्हणाली.

"मेली ते, पोट्टेहो! जाम झाली," मंडळाचे अध्यक्ष रुपरावकाका म्हणाले. "आमी सफाई करून राहिलो, तुमी काहून मधात येता गा?"

"आणि चालली तर?"

"तर मी सोता डोक्यावर घेऊन जाईन!"

"शब्द दिला हं, काका!" मिनलला तेच हवं होतं.

रोशनच्या बाबांचं सायकलचं दुकान. गंजाला तो थोडाच भिणार! पण टेम्पो निघाला तर? नूपुर गोड आवाजात ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, गंज सोडवायला अर्धा कप डिझेल द्या ना! आणि हा नट तुमच्याशिवाय कुणाला निघणार?" दादा असा खूश झाला, की गाडी बंद करून पान्हा घेऊनच बसला!

घासलं, पुसलं, तेल सोडलं. करकर... खट... खटखटखट! चाक फिरलं! धापा टाकत आलेल्या मावशींनी कमरेची पिशवी उघडून रीळ काढलं आणि पहिली शिवण घातली ती मंडळाच्याच फाटक्या बॅनरवर.

रुपरावकाकांनी दुपट्ट्याची चुंबळ डोक्यावर ठेवून मशीन उचलली. मशीनची वरात निघाली! ती पाहून गल्लीतल्या बायका धावल्या. "माझा मिक्सर?" "माझा पंखा?" टेम्पो रिकामाच परतला.

दुसऱ्या दिवशी मैदानात रोशनचे बाबा दुरुस्तीला बसले. टेम्पोवाला दादा आला. हिंगण्याच्या कारखान्यातली माणसं शिफ्ट सुटल्यावर पंखे उघडून बसू लागली. पैसा कुणीच घेईना. आठ दिवसांत मुलांनी बॅनरवर रंगवलं, 'पूरग्रस्त दुरुस्ती केंद्र'.

"आमी घरं साफ केली," रुपरावकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "पण संसारच फेकून राहिलो होतो. या पोट्ट्यायनं डोळे उघडले!"

टाळ्या थांबेनात. मिनलचे कान लाल झाले.

मदतीत आलेल्या जुन्या कपड्यांची पहिली गोधडी मावशींनी शिवली आणि रुपरावकाकांच्या हाती दिली. "घ्या भाऊ, मानेखाली ठेवा. मशीन लई जड होती ना!"