अर्धी पाळलेली आज्ञा

"विपुलचं सामान ट्रकमध्ये चढून राहिलं, लतिका! बदली झाली ना त्याची, उद्या दोनच्या गाडीनं सगळे मद्रासकडे जाऊन राहिले, अन् तू इथं मनुका उकळत बसली?"

शेजारच्या शकुमावशींनी दारातूनच बातमी दिली, तेव्हा पातेल्यात फिरणारा लतिकाचा हात थबकला... पण क्षणभरच! मग तो पुन्हा फिरू लागला.

"जाणाऱ्याला कोणी धरून ठेवलंय, मावशी?"

"सख्खा भाऊ आहे गं तुझा!"

"होता," लतिका म्हणाली आणि तिनं गॅस बारीक केला.

दुसऱ्या दिवशी मे महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन. जबलपुरातली मराठी मंडळी ती केवढी! पंचवीस-तीस घरं. हिंदी उपासनेच्या आधी सकाळी आठ वाजता त्यांना चर्च मिळायचं. प्रभुभोजनाचा द्राक्षरस चेरीताल भागातल्या आपल्या दोन खोल्यांत लतिकाच करायची, मनुका उकळून, कुस्करून, पंच्यातून गाळून. साऱ्या मंडळीच्या ओठांना लागणारा तो रस तिनं स्वतः मात्र नऊ वर्षांत एक थेंबही घेतला नव्हता! प्याल्यांचं तबक समोर आलं की मान खाली घालून ती ते शेजारणीकडे सरकवायची. का? तर भावाशी वैर असताना प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, ही आज्ञा. बायका म्हणायच्या, "बाई मोठी निष्ठेची!" आणि खोटं कशाला बोला, ते ऐकून लतिकाला आतून बरंही वाटायचं.

वैर तरी कशाचं? बाबा फॅक्टरीत नोकरीत असतानाच वारले, तेव्हा त्यांच्या जागी घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. लतिका सत्तावीस वर्षांची, पदवीधर. विपुल अठरा वर्षांचा, बारावीत गटांगळ्या खाणारा. "पोराचं आयुष्य मार्गी लागेल गं," आई एवढंच म्हणाली, आणि लतिकानं मुकाट्यानं 'माझी हरकत नाही' असं लिहून सही केली. विपुलला नोकरी लागली, मग क्वार्टर मिळालं, मग रश्मीसारखी बायको मिळाली. लतिका नर्सरीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवत राहिली, आईचं दुखणंखुपणं काढत राहिली. लग्नाचं वय कधी निघून गेलं, कोणी विचारलंही नाही. त्याचं तिला दुःख नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची...

पण आई शेवटची आजारी पडली, हॉस्पिटलच्या खाटेवर "विपुल आला का गं?" म्हणत दाराकडे बघत राहिली, आणि शेवटचे दोन दिवस हा फिरकलाच नाही! "ओव्हरटाइम आहे," असा रश्मीचा निरोप. ओव्हरटाइम! कब्रस्तानात पेटी खाली उतरली, एकेक जण मूठमूठ माती टाकू लागला, विपुल वाकला, आणि सगळ्या मंडळीसमोर लतिकानं त्याचं मनगट धरलं. "तुझ्या हातची माती तिला नको!" विपुलनं मूठ उघडली, माती होती तिथेच सोडली आणि तो मागे सरकला. त्या दिवसानंतर विपुलनं मराठी उपासनेला येणं सोडलं होतं, आणि दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

दुपारी चर्चचे पाळक देवदत्त साळवे रसाची बरणी न्यायला आले. वयानं तिच्याहून लहान, पण गुळमुळीत बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"लतिकाताई, उद्याही तबक पुढे सरकवणार?"

"आज्ञा आहे, पाळकसाहेब. मी पाळते."

"अर्धीच पाळता."

लतिकानं चमकून वर पाहिलं. नऊ वर्षांत तिला असं कोणी बोललं नव्हतं!

"दान वेदीपाशी ठेव, असं बायबलात सांगितलंय, ते तुम्ही करता. पण त्यापुढे 'जा' म्हटलंय ना? आधी भावाकडे जा, मग परत ये. तुम्ही नऊ वर्षं वेदीपाशीच बसून आहात."

"मी काहून जाऊ? चूक त्याची!" लतिकाचा आवाज चिरकला. "माझं सगळं त्याला दिलं मी... सगळं! अन् जाऊ पण मीच?"

"चूक कोणाची हे तिथं विचारलेलंच नाही, ताई. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर जा, असं आहे. विपुलच्या मनात काही नसेल?"

लतिकाला ते मनगट आठवलं. किती घट्ट धरलं होतं आपण...

"माफी मागू नका, जमणार नसेल तर. बसू पण नका. दारापर्यंत जा, 'जय मसीह की' म्हणा अन् परत या. एवढंच! इतकं लहान काम तर जमेल ना?"

बरणी घेऊन ते निघून गेले. लतिकानं पातेलं घासलं, पंचा धुऊन दोरीवर टाकला, आणि मनाशी ठरवून टाकलं की जायचं नाही.

रविवारी ती नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसली. गीतं झाली, उपदेश झाला, मेजावरचं पांढरं कापड उचललं गेलं. भाकरीची थाळी पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर आली, आणि लतिकाचे पाय आपोआप सरळ झाले. ती उठली! साऱ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत मधल्या वाटेनं चालत बाहेर पडली. फाटकाशी रिक्षा उभी होती.

"भैया, फॅक्टरी क्वार्टर चलोगे? जल्दी!"

रस्ताभर तिनं तेच तीन शब्द घोकले. आणखी काही बोलायचं नाही. एक अक्षर नाही!

क्वार्टर पहिल्या मजल्यावर, जिना बाहेरच्या अंगाला. दार उघडंच होतं. आत नुसत्या भिंती, आणि उरलेल्या एका ट्रंकेवर बसून विपुल दोरी आवळत होता. केस किती पिकले होते याचे! रश्मी झाडू हातात धरून जागच्या जागी उभी राहिली.

"जय मसीह की," लतिका म्हणाली.

विपुलच्या हातातली दोरी सुटली. लतिका वळली आणि जिना उतरू लागली.

"ताई! अगं ताई! चालली कुठं?" विपुल मागोमाग धावत खाली आला. "नऊ वर्षांनी आली, अन् अशी चालली?"

"मला एवढंच सांगितलं होतं," ती कशीबशी म्हणाली. "पाळकसाहेबांनी."

"तुला एवढंच सांगितलं असेल. मला तर सांगायचंय ना!" विपुल तिच्या वाटेतच उभा राहिला. "मी ओव्हरटाइमला नव्हतो, ताई. ते खोटं होतं. ते दोन्ही दिवस मी हॉस्पिटलच्या फाटकावरच बसून होतो. वर यायची हिंमतच नाही झाली. आईला तसं बघवत नव्हतं... अन् तुझ्याकडे तर त्याहून बघवत नव्हतं. तुझ्या नोकरीवर बसून मी खाऊन राहिलो, अन् तू एकटी आईचं सगळं करून राहिली... कोणत्या तोंडानं येऊ?"

"मग तेव्हा बोलला काहून नाही रे?"

"तू माझा हात धरला. मला वाटलं, बरोबरच धरला."

नऊ वर्षं ज्याला लतिका बेपर्वा समजत होती, तो तिनं दिलेली शिक्षा मुकाट्यानं भोगत होता, आणि ती तिकडे निष्ठेची म्हणून मिरवत होती...

"नाही रे, विपू, नाही!" तिचा बांध फुटला. "बरोबर नव्हतं ते. आई तुझी पण होती. मी कोण तुला अडवणारी? मला माफ कर रे... माफ कर मला!"

वर जिन्याच्या तोंडाशी रश्मी पदर डोळ्यांना लावून उभी होती. विपुलनं हातानं चेहरा पुसला.

"तू माफी नको मागू, ताई. तू रागाव मला. पहिल्यासारखी रागाव. नऊ वर्षं झाली, मला कोणी रागावलंच नाही..."

लतिकाची नजर खाली गेली. दहाचंच ऊन, पण मे महिन्यातलं. आणि हा बाबा तापलेल्या सिमेंटवर अनवाणी, एक पाय उचलत होता, दुसरा टेकवत होता.

"अक्कल आहे का रे तुला?" ती एकदम कडाडली. "उन्हात अनवाणी उभा राहतो? फोड येतील तळपायाला! जा, आधी चपला घालून ये!"

"हो, ताई," बेचाळीस वर्षांचा विपुल म्हणाला, आणि धावत वर गेला.