दार ओलांडलेलं पातं

क्राइन चक्कीवाला आपल्या घराच्या माडीवर गेला तो फक्त कॉफी द्यायला. आम्स्टरडॅमहून आलेला हुल्स्ट नावाचा चित्रकार महिनाभर तिथं भाड्यानं राहून त्याच्या पवनचक्कीचं चित्र रंगवत होता. चक्की लालभडक, आभाळ पिवळं! काय एकेकाचं डोकं चालतं! पण क्राइनची नजर अडली ती रंगांवर नाही.

"साहेब, खालचं पातं चुकलंय. मी ते चक्कीच्या दाराच्या अलीकडे बांधलंय. तुम्ही दार ओलांडून काढलंत."

"हातभर इकडे-तिकडे, काका. त्यानं काय होतंय?"

काय होतंय म्हणे! इथं झीलंड प्रांतातल्या शेंबड्या पोरालाही विचारा. पातं दाराशी येता येता थांबवलं, तर घरात आनंद आहे, कुणीतरी येतंय. दार ओलांडून थांबवलं, तर माणूस गेलं. क्राइनच्या मुलाची, येलिसची होडी समुद्रावरून परतली नव्हती, त्याला अठरा दिवस झाले होते. गाव म्हणत होतं, आता तरी पातं पुढे ढकल. क्राइनची बायको पीटर्नेल ऐकायलाच तयार नव्हती.

"पाया पडतो साहेब... तिनं बघायच्या आत बदला."

हुल्स्ट वरमला. त्यानं पातं खरवडलं, अलीकडे रंगवलं. सकाळी बघतात तर ते दार ओलांडून उभं. पुन्हा रंगवलं, पुन्हा तेच.

"मी हातसुद्धा लावला नाही हो..." हुल्स्ट कुंचला खाली ठेवत म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो चित्र टाकून चालता झाला.

त्याच दुपारी शेजारचा मारिनुस टोपी हातात धरून अंगणात आला.

"वाळूवर... येलिसचं प्रेत..."

क्राइन तडक चक्कीकडे गेला. त्यानं चक्कीचा ब्रेक सोडला, पातं हातांनी दाराच्या पुढे ढकललं, साखळीला दोन गाठी मारल्या. मग पात्याच्या शिडाच्या कापडात तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला.

घरात आला तर स्वयंपाकघरात रंगातल्या जवसाच्या तेलाचा वास. पीटर्नेलनं चित्र खाली आणून भिंतीला टेकवलं होतं. टेबलावर तीन ताटं.

"अगं... मारिनुस आला होता... आपला येलिस..."

"ते राहू द्या. आधी चित्र बघा."

चित्रातलं पातं दाराच्या अलीकडे होतं.

"येतोय तो. मी म्हणत नव्हते?" ती हसली. इतक्या दिवसांनी हसली बिचारी. क्राइनच्या काळजाचं पाणी झालं.

"घराचं दार लावू नका हं," ती बटाटे वाढत म्हणाली.

तो उंबऱ्याशी गेला. वाऱ्याचं नाव नव्हतं. अंगणात साखळी तशीच होती, दोन्ही गाठी त्यानं मारल्या तशाच. पवनचक्की कधी उलटी फिरत नाही. पण पातं मागे आलं होतं, दाराच्या अलीकडे.

क्राइननं दार उघडंच ठेवलं. आत येऊन तो आपल्या ताटावर बसला, आणि शेजारच्या तिसऱ्या ताटाकडे त्यानं मान वळवली नाही.