भोपळ्याची आई

भिगवणला हायवेलगत माझं मेडिकल आहे. औषधाला गुण आला तर का आला आणि नाही आला तर का नाही, याचं कारण शोधलं की सापडतं, असं मी आजवर मानत आलो.

वृषाली आमच्या वर्गातली. मराठीच्या तासाला उभं केलं की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. ही पोरगी गाजेल असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं. आता एसटी स्टँडसमोर तिचा भलामोठा फ्लेक्स आहे, 'आमच्या गावची शान'. ज्यांनी तिला मुकी म्हणून रडवलं, ते सगळे खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावून उभे आहेत.

डोक्यावर पदर, कमरेवर हात, आणि बांधावरून साऱ्या जगाला झापणारी आक्का, हे तिचं मोबाइलवरचं सोंग. ती आक्का म्हणजे माझी आई, सरुबाई. मधल्या सुट्टीत वृषाली आमच्याकडं जेवायला असायची. चुलीपुढं बसून आईच्या तोंडाकडं टक लावून बघायची. तिच्या एकाही मुलाखतीत आईचं नाव नाही, याचा मला राग होता. आईला मात्र कौतुक. "माजंच त्वांड लावलंय बयेनं," म्हणून ती हसायची.

एका सकाळी आम्ही दोघंच रानात भेंडी तोडत होतो. आई म्हणाली, "ही भेंडी पाव्हण्यावानी हाय. जून झाली तरी जागची हालत न्हाय." दुपारी दुकानात मोबाइल उघडला तर वृषाली तेच म्हणत होती, अक्षर न अक्षर. ती तर तिकडं मुंबईत. योगायोग म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळी आईला हसवायला ते बोलून दाखवलं, तर ती माझ्याकडं बघतच राहिली.

"असं मी कधी म्हणाले?" तिनं विचारलं.

आईच्या तोंडी 'म्हणाले' मी पहिल्यांदा ऐकलं.

मग 'हाय' गेलं आणि 'आहे' आलं. 'न्हाय'चं 'नाही' झालं. शेजारच्या कौसल्याकाकू थट्टा करायच्या, सरुबाई लई शिकली म्हणून. बाजारात आई भाजीच्या ढिगामागं पाहुण्यासारखी गप्प बसू लागली. ज्या दिवशी वृषालीचा नवा व्हिडिओ येई, त्या दिवशी आईचं आणखी काहीतरी गेलेलं असे. बारामतीला नेऊन मेंदूचा फोटो काढला. सगळं उत्तम आहे, डॉक्टर म्हणाले, आणि आजी किती शुद्ध बोलतात!

एकच बोलणं जुन्या आवाजात उरलं होतं. लहानपणी मी गरगरीत होतो, म्हणून घरात, फक्त घरात, मी भोपळ्या. दुकानातून आलो की ती विचारायची, "भोपळ्या, जेवलास का रं?" तेवढं ऐकायला मी लवकर घरी जाऊ लागलो. तेही गेलं तर आई गेली, हे मला कळत होतं.

बारामतीत महिला मेळाव्याला वृषाली येणार होती. स्टेजमागं जाऊन मी तिला गाठलं आणि हे सोंग बंद कर म्हणालो. तिचे डोळे खोल गेले होते. आई कशी आहे, हे तिनं विचारलं नाही.

"मी काही लिहीत नाही, शंभू. तोंड उघडलं की येतं," ती म्हणाली. "आधी मला बोलता येत नव्हतं. आता गप्प बसता येत नाही."

"एक शब्द तरी सोड."

"कुठला येणार ते मला कुठं कळतं?"

मी मांडवात मागं जाऊन उभा राहिलो.

तिनं पदर घेतला, कमरेवर हात ठेवला. बायका आधीच हसत होत्या.

मध्येच ती थांबली. गर्दीतून नेमकं माझ्याकडं बघितलं.

"भोपळ्या," ती म्हणाली, "जेवलास का रं?"

आवाज आईचा होता.

मांडव हसून लोटपोट झाला. वृषालीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. लोकांना तेही सोंगच वाटलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर केली, पदर सावरला.

"कोण हवंय आपल्याला?"

मी चप्पल काढून पायरीशीच उभा राहिलो.

"माझा मुलगा येईलच इतक्यात. बसा ना."

शेजारी कौसल्याकाकूंच्या मोबाइलवर मेळाव्यातलं बोलणं वाजत होतं. भोपळ्या, जेवलास का रं? आईचे हात थांबले. पुन्हा वाजलं, तशी ती कान देऊन ऐकत राहिली.

"किती मायेनं बोलते ना ही बाई," ती म्हणाली. "कुठली आहे?"

"हितलीच हाय," मी म्हणालो.

तिनं अदबीनं मान पुढं केली.

"माफ करा, काय म्हणालात?"