खरचटचं बारावं गाणं

कान तपासायच्या खोलीत माणसं हमखास लबाडी करतात. आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. पण बहिरं ठरायची हौस कुणाला असते? म्हणून आवाज नसतानाही दाबतात. ठोक्या बावीस वर्षं काचेच्या अलीकडे बसून ही लबाडी पकडत आला होता, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरोखर ऐकलेला आवाज कुठला आणि मनानेच ऐकलेला कुठला, हे त्याला नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं.

ठोक्या हे नाव त्याला तरुणपणी चिकटलं. तेव्हा तो 'खरचट' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तिघंच होते: ड्रमवर हा, बेसवर लांबू, आणि गिटार वाजवत गाणारा त्याचा सख्खा धाकटा भाऊ, भिंगरी. स्केटबोर्डवरून पडणाऱ्या पोरांनी स्केटबोर्डवरून पडणाऱ्या पोरांसाठी वाजवलेलं सुसाट पंक, दुसरं काही नाही. कॅसेट एकच निघाली. अकरा गाणी, सगळी मिळून अठरा मिनिटं. "तो मिक्सर बंद करा रे," असं वडील वरच्या मजल्यावरून ओरडायचे.

त्या अठरा मिनिटांवर जीव टाकणारी माणसं एकतीस वर्षांनंतरही शिल्लक होती, याचं ठोक्याला हसू यायचं आणि बरंही वाटायचं. आता भिंगरीच्या मुलीने ती कॅसेट नव्याने, तबकडीवर काढायचं मनावर घेतलं होतं. ती छापखान्यात कामाला होती. तबकडीसोबत चाहत्यांच्या आठवणींची एक पुस्तिका ती स्वतःच्या हाताने बांधणार होती. तिचे वडील गेले तेव्हा ती आईच्या पोटात होती. त्यांच्याविषयी तिच्याजवळ होतं काय, तर ती कॅसेट आणि तीन फोटो. दर शनिवारी सकाळी ती आलेल्या पत्रांचा गठ्ठा घेऊन काकाच्या श्रवणयंत्रांच्या दुकानात यायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचून दाखवायची.

पहिली पत्रं मोठी गोड होती. एका नळदुरुस्तीवाल्याने लिहिलं होतं, की तो अजूनही 'कोपर' या गाण्याच्या तालावर पाइपांचे आटे फिरवतो आणि त्यापायी दोन पाइप फोडलेत. एका बसचालक बाईंनी लिहिलं होतं, की लहानपणी घरात भांडण पेटलं की त्या 'घरी सांगू नका' सलग नऊ वेळा ऐकायच्या, तेवढ्यात भांडण संपायचं. ऐकता ऐकता ठोक्याला आपलं वय विसरायला व्हायचं.

"खरंच एवढे आवडायचे बाबा लोकांना?" पुतणी विचारायची.

"आवडायचा म्हणजे? डोक्यावर घेऊन नाचायचे त्याला."

"आणि ते काठावरून यायचे, ती गंमत सगळेच लिहितात."

ती गंमत अशी. बंद पडलेल्या एका क्लबचा पोहण्याचा तलाव होता, कोरडा ठणठणीत. खरचटचे कार्यक्रम तिथे व्हायचे. ड्रम आणि माइक तळाशी, लोक भोवताली. भिंगरी मात्र वर काठावर, गिटार पाठीला, एक पाय स्केटबोर्डच्या फळीवर. गिटारचा पट्टा आवळून झाला की तो हात वर करायचा. मग ठोक्याने काठीवर काठी चारदा आपटायची, आणि चौथ्या ठोक्याला भिंगरीने भिंतीच्या गोल उतारावरून सुसाट खाली येऊन थेट माइकपाशी थांबायचं. हात वर झाल्याशिवाय मोजणी नाही, हा नियम दोघा भावांनी मिळून केला होता.

शेवटच्या कार्यक्रमाला ठोक्याने तो मोडला. सकाळीच दोघांचं वाजलं होतं. मूल होणार आहे, आता नोकरी बघतो, बँड पुरे झाला, असं भिंगरीने सांगून टाकलं होतं, आणि ठोक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. भिंगरी अजून पट्टाच आवळत होता. हात वर गेलेला नव्हता. ठोक्याने चार ठोके दिले. चौथ्याला भिंगरीचा पाय सवयीने सुटला, सैल गिटार झोका घेऊन पायात आली, आणि तो उतारावर डोक्यावर पडला तो उठलाच नाही. त्या दिवशी एकही सूर वाजला नाही. लोक अपघात म्हणाले. ठोक्याने त्यांना म्हणू दिलं. मुलीला खरं काय ते सांगायचं, हे तो तिच्या जन्मापासून पुढे ढकलत आला होता. पण या पुस्तिकेच्या निमित्ताने सांगायचंच, मग ती तोंड बघेनाशी झाली तरी बेहत्तर, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पाचव्या शनिवारी नळदुरुस्तीवाल्याचं दुसरं पत्र आलं. 'एक लिहायचं राहिलं,' त्याने लिहिलं होतं. 'शेवटच्या कार्यक्रमात वाजवलेलं ते नवं गाणं कॅसेटवर का नाही? खरचटचं सगळ्यात सुंदर गाणं तेच.'

"कुठलं हो गाणं, काका?"

"गोंधळला असेल. वय झालं की होतं असं," ठोक्या म्हणाला आणि मशीनच्या वायरी पुसत बसला.

पुढच्या शनिवारी तशी चार पत्रं आली. त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा. गावं वेगळी, अक्षरं वेगळी, एकमेकांची ओळखदेख नाही. गाणं मात्र एकच. बाकीच्या गाण्यांसारखं धावतपळत नाही, संथ. सुरुवातीला नुसती गिटार. मग भिंगरीचा आवाज, अगदी कानाजवळ बोलल्यासारखा. बसचालक बाईंनी लिहिलं होतं, की ते ऐकताना त्यांनी शेजारच्या अनोळखी मुलीच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि तेवढं सुख पुन्हा कधी मिळालं नाही. भिंगरी पडल्याचं एकाही पत्रात नव्हतं. पुतणी ते वाचताना इतकी खुलली, की ठोक्याने सांगायचं ते पुन्हा पुढे ढकललं.

त्याच आठवड्यात परिचारिका बाई कान तपासायला आल्या. दरवर्षी यायच्या. खरचटच्या जुन्या चाहत्या. त्या दिवशी भिंगरीचं डोकं मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या. गाडी येईपर्यंत त्यांची ओढणी रक्ताने भिजली होती. ठोक्याने त्यांना बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं, आणि काचेच्या अलीकडून माइकवर विचारलं.

"बाई, भिंगरी पडला त्या दिवशी तुम्ही जवळच होता ना?"

"पडला?" त्यांनी कपाळाला आठी घातली. "कोण पडला?"

"भिंगरी. तुमच्याच मांडीवर..."

"छे हो. काय सुंदर गायला होता तो." आणि त्यांनी डोळे मिटले.

ठोक्यासमोरचा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. बाई बटण दाबत होत्या, सावकाश, एका लयीत. ठोक्याने मशीनकडे पाहिलं. ते त्याने अजून सुरूच केलेलं नव्हतं. मग त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा लबाडीचा नव्हता. बाईंना खरोखर ऐकू येत होतं.

त्याने दुपारीच लांबूला फोन लावला. लांबू आता शाळेत चित्रकला शिकवायचा.

"लोकांना काय झालंय रे?" ठोक्याने विचारलं. "त्या दिवशी आपण काहीच वाजवलं नव्हतं. तूच तर त्याला उचललंस."

"उचललं, बरोबर आहे," लांबू म्हणाला. "पण ते नंतर. गाणं झाल्यावर."

"गाणं झालंच नाही, लांबू."

"असं कसं? मी वाजवत होतो ना. बोटांना अजून पाठ आहे." तो थोडा हसला. "तू तेवढा वाजवत नव्हतास. नुसता बसला होतास."

ठोक्याने फोन ठेवला. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

तबकडी आणि पुस्तिका लोकांच्या हाती द्यायचा कार्यक्रम पुतणीने त्या तलावातच ठेवला, दुपारी चार वाजता. ठोक्याने नको नको म्हणून पाहिलं. ती ऐकायला तयार नव्हती. तो पोचला तेव्हा तळाशी ड्रम मांडलेले होते, माइक उभा होता, लांबू बेस अडकवून तयार होता. साठेक माणसं होती. केस पिकलेली, पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेली. एवढी जुनी मंडळी इतक्या वर्षांनी भेटलेली, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पुतणीने त्याच्या हातात पुस्तिका दिली. शिवण सुरेख होती. त्याने शेवटचं पान उघडलं. तिथे तिची स्वतःची आठवण छापलेली होती.

"तुझी कसली आठवण? तू जन्मलीसुद्धा नव्हतीस."

"आई आली होती ना त्या दिवशी. मीही होतेच की," ती म्हणाली. "मला आठवतं, काका. सुरुवातीची गिटार आठवते. पुढचं नाही आठवत."

तिने त्याला हाताला धरून ड्रममागे बसवलं. काठ्या हातात दिल्या, आणि स्वतः पुढे माइकपाशी उभी राहिली. आता नाही तर कधीच नाही, हे ठोक्याला कळलं.

"मला तुला काही सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिवशी त्याने हात वर केला नव्हता. मी रागात होतो. मी आधीच ठोके दिले. तुझा बाप माझ्यामुळे गेला."

ते बोलताना तो रडला. एकतीस वर्षांचं रडू होतं ते.

पुतणीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "हात वर नसताना तुम्ही ठोके दिले, हे सगळ्यांनीच लिहिलंय. मी तुम्हाला वाचून दाखवलं नाही फक्त, आणि छापलंही नाही."

"मग तू मला..."

"आजही हात वर नाही केलेला बाबांनी." तिची मान वर होती. साठही माणसांच्या माना वर होत्या, काठावरच्या एकाच जागेकडे. चेहरे प्रेमाने भरून आलेले होते. "अजून पट्टाच आवळतायत. पण तुम्ही द्या ठोके."

"पोरी, नको."

"मला पुढचं ऐकायचंय, काका."

ठोक्याने वर पाहिलं नाही. त्याला ते शक्य नव्हतं.

काठ्या खाली टाकाव्यात म्हणून त्याने हातांकडे पाहिलं. हात हवेत होते, काठीवर काठी टेकलेली. तलावाच्या भिंतींवरून एक कोरडा आवाज घुमून विरत होता.

तो तिसरा ठोका होता.

पुतणी माइकपासून एक पाऊल बाजूला झाली, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.