केळुसकरांचा स्थिरबिंदू

उपयोजित प्रारूप विभागाच्या प्रयोगशाळेत शाल्वी तांडेलची तोंडी परीक्षा चालू होती. तिचा प्रबंध एकदा परत आला होता. आज पन्नासाच्या खाली गुण पडले, तर आणखी एक वर्ष पाण्यात. आणि गुण देणार होते बाहेरून आलेले अर्थशास्त्राचे डॉ. भार्गव केळुसकर. समोरचा पूर्व म्हणाला की पश्चिमेला चालू लागायची त्यांना जन्माची खोड.

विभाग आंतरविद्याशाखीय, म्हणून मार्गदर्शकही दोन. गणिताच्या मुजावर मॅडम आणि समाजशास्त्राचे अवताडे सर. दोघांचं एकमत फक्त सुट्ट्यांच्या बाबतीत व्हायचं.

"थोडक्यात सांगा," केळुसकर म्हणाले.

"सर, आपला अंदाज ऐकून पाऊस बेत बदलत नाही. माणसं बदलतात. मेसच्या फलकावर आम्ही 'एक वाजता गर्दी' असं दाखवलं, तर सगळे बारालाच ताट घेऊन उभे. 'बाराला गर्दी' दाखवलं, तर सगळे एकला. अंदाज बरोबर असायचा, पण सांगितला की चुकायचा."

"मग?"

"माझं प्रतिध्वनी-प्रारूप अंदाज ऐकल्यावर माणूस काय करील, तेही मोजतं. त्यावरून नवा अंदाज काढतं, पुन्हा मोजतं. जो अंदाज सांगूनही खरा राहतो, तिथे थांबतं. त्याला आम्ही स्थिरबिंदू म्हणतो."

"म्हणजे हट्टी माणूस शेवटी कुठे जाऊन बसेल, ते," मुजावर मॅडम म्हणाल्या.

"याला पंचांग म्हणतात," अवताडे पुटपुटले.

केळुसकरांना गंमत वाटली. "मग माझंच काढा. मी किती गुण देणार? माझे जुने निकाल तुमच्या विद्यापीठाकडे आहेतच."

शाल्वीने निकाल संगणकावरच्या प्रारूपात घातले. नव्वद सांगितले, तर केळुसकर तीस देतील. तीस सांगितले, तर साठ. साठ सांगितले, तर पंचेचाळीस. पडद्यावरचा आकडा वरखाली डुलत डुलत शेवटी थांबला. पन्नास.

"असं? बघतोच," म्हणत केळुसकरांनी पेन उघडलं.

"एक्कावन्न दिलेत तरी आमची हरकत नाही, सर," मुजावर मॅडम म्हणाल्या.

पेन थांबलं.

"माझ्या मते एकोणपन्नास," अवताडे म्हणाले. "पुढच्या वर्षी नीट करून आणील."

पेन पुन्हा थांबलं. वर जावं तर मॅडमचं ऐकल्यासारखं, खाली यावं तर अवताड्यांचं. केळुसकरांनी पेन खाली ठेवून पडद्याकडे पाहिलं.

"आणखी एक घाला," ते शाल्वीला म्हणाले. "एक माणूस आहे. कपभर चहा देऊ का विचारलं, की नको म्हणतो. आज चहा नाही म्हटलं, की कपभर मागतो. त्याच्या बायकोने काय करावं?"

शाल्वीला यंत्राला विचारावंही लागलं नाही. "काही न बोलता अर्धा कप पुढे ठेवावा, सर."

"तेच करायची ती," केळुसकर म्हणाले. "ती गेली, आता माझा मी करून घेतो. अर्धाच. मला वाटायचं, मला तेवढाच आवडतो."

केळुसकरांनी पन्नास लिहिले आणि खाली सही केली.

"पन्नासच?" अवताड्यांनी विचारलं.

"भागतं हो तेवढ्यात," केळुसकर म्हणाले. "माझा अख्खा संसार झाला की."