गोंडा कुणाशी बोलतो

आखूड शेपटीच्या जपानी मांजराची शेपटी कधीही ओढून सरळ करायची नाही, हे धाकटीने आपल्या ताईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या शेपटीतली हाडं जन्मतःच वाकडी असतात, काही एकमेकांना जुळलेली असतात. ओढलं की जनावर कळवळतं. शिवाय प्रत्येकाचा बाक निराळा. एकासारखी शेपटी दुसऱ्याला नाही. धाकटी जनावरांची डॉक्टर आणि ताईला मूलबाळ नाही, त्यामुळे या सूचना बाळंतिणीला द्याव्यात तशा दिल्या गेल्या आणि तितक्याच मनावर घेतल्या गेल्या.

ताईने बोक्याचं नाव ठेवलं गोंडा. पांढराशुभ्र, पाठीवर दोन काळे डाग, एक डोळा निळा, एक पिवळा, आणि मागे शेपटीच्या जागी लोकरीचा गोंडा शिवल्यासारखा केसांचा झुबका. या जातीच्या अंगावरचे केस रेशमी, एकपदरी असतात. आठवड्यातून एकदा फणी फिरवली की झालं. झुबका मात्र चिवट. मुळाशी अंगठ्याचा आधार देऊन, टोकाकडून थोडं थोडं सोडवावं लागतं, नाहीतर गुंता होतो. गोंडा हे काम फक्त ताईकडून करून घ्यायचा. धाकटीने हात लावला तर फिसकारायचा.

"डॉक्टर असशील तू दवाखान्यात," ताई हसायची. "इथे तुझी पत नाही."

नखंही ताईच कापायची. एकदा पुढच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख जास्त खोल कापलं गेलं, रक्त आलं, गोंडा किंचाळला, आणि ताई त्याच्यापेक्षा जास्त रडली. तेव्हापासून ते एक नख ती कापत नसे. बाकी सगळी कापून, गोंड्याला मांडीवर घेऊन, ती धाकटीची वाट बघत बसायची. "हे एक तुझं," म्हणायची.

हिवाळा सरता सरता ताई न्यूमोनियाने गेली.

मागे राहिले भावोजी आणि मांजर. भावोजी रेडिओ दुरुस्त करण्यात हयात घालवलेले. आता कंपवाताने हात असे थरथरत की शर्टाची बटणं लावायला सकाळ पुरत नसे. धाकटी दर रविवारी जायची. औषधं बघायची, फ्रीज बघायची, आणि मग मांजर बघायची. दुःखात असलेली मांजरं अंग चाटणं सोडतात, त्यांचे केस राठ होतात, हे तिला ठाऊक होतं. त्या तयारीनेच तिने गोंड्याला उचललं.

झुबका मऊ होता. एकही गुंता नाही.

"भावोजी, याला कोण विंचरतं?"

"मला विचारतेस? माझा स्वतःचा भांग धड पडत नाही."

"कामाच्या बाई?"

"त्या मांजर दिसलं की केरसुणी टाकून पळतात. घर झाडायचं राहतं ते राहतंच."

धाकटीने पंजा हातात घेऊन हलकेच दाबला. नखं बाहेर आली. नुकतीच कापलेली होती, टोकं बोथट आणि स्वच्छ. तिने एकेक पाहिलं. पुढच्या उजव्या अंगठ्याचं नख तेवढं वाढलेलं होतं, आत वळायला लागलेलं.

तिने ते कापलं. हात अजिबात हलला नाही, याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं. निघताना तिने नखं कापायची कात्री आणि फणी दोन्ही आपल्या पर्समध्ये टाकली. कारण सापडत नसेल तर निदान साधन तरी काढून घ्यावं, असा साधा विचार.

पुढच्या रविवारी झुबका पुन्हा सुटा होता. त्यानंतरच्या खेपेला नखंही कापलेली होती. एक सोडून.

त्या दिवशी ती जरा लवकर पोचली होती. दुपारचं ऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडलं होतं. भावोजी बाहेरच्या खोलीत खुर्चीत डुलक्या घेत होते. आत गोंडा ओट्याजवळच्या स्टुलासमोर बसला होता आणि बोलत होता.

ही जात बोलघेवडी. यांचं म्याव म्हणजे साधं म्याव नसतं. बारीक, चढउतार असलेला, गुणगुणल्यासारखा आवाज. आपण बोललो की उत्तर देतात. धाकटी दारातच थांबली, कारण तिला त्या आवाजापेक्षा मधल्या शांततेने थांबवलं होतं. गोंडा एक वाक्य म्हणे आणि थांबे. मान किंचित तिरकी, कान स्टुलाकडे. कधी थोडं थांबे, कधी बरंच. मग एकदम बोले, जणू आत्ता कुठे आपली पाळी आली. एकदा तो मध्येच बोलायला गेला आणि गप्प झाला. कुणीतरी हात वर करून "थांब, माझं संपू दे" म्हणावं, तसा.

स्टूल रिकामं होतं.

"ऐकलंस ना?" मागून भावोजी म्हणाले. ते केव्हा उठून आले, तिला कळलं नव्हतं.

"मांजरं सवयीने करतात असं. ठरावीक जागा, ठरावीक वेळ…"

"मला शिकवू नकोस. आयुष्यभर खरखरीतून आवाज काढलेत मी." त्यांनी चौकटीला धरलं. हात थरथरत होते, चौकटही थरथरल्यासारखी वाटली. "रोज येते. मला काही ऐकू येत नाही. मी इथे बसून पाहिलं, दिवा मालवून पाहिलं, हाक मारून पाहिली. तिच्या अंगावर ओरडूनसुद्धा पाहिलं, कधी नाही ते. एक शब्द नाही. सगळा संसार माझ्याबरोबर केला बाईने, आणि परत आली ती मांजराची नखं कापायला!"

ते हसले. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि धाकटीने नजर खाली घातली.

"तू त्याला घेऊन जा," ते म्हणाले.

"भावोजी, एकटे पडाल."

"एकटा? आता काय आहे मी? त्या दोघांचं चाललेलं असतं, मी बाहेर बसलेला असतो पाहुण्यासारखा. मांजर नसलं तर कदाचित…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "घेऊन जा. माझ्यासाठी एवढं कर."

धाकटीने विचार केला तो डॉक्टरसारखा. या माणसाची झोप उडाली आहे, वजन उतरलं आहे, मांजराच्या आवाजाभोवती तो काहीबाही रचतो आहे. आवाज काढून घेतला तर मन थाऱ्यावर येईल. तिने गोंड्याला पेटीत घातलं. तो ओरडला नाही. पेटीच्या जाळीतून मात्र शेवटपर्यंत स्टुलाकडे बघत राहिला.

तिच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, गोंडा मुका झाला. खायचा, पण पोटापुरतंच. वाहत्या नळाखाली पंजा धरून खेळणारं ते जनावर नळाकडे बघेना. धाकटीने पुस्तकातलं सगळं केलं: उंच फळी बसवली, चेंडू टाकला, कामावरून लवकर येऊन त्याच्याशी बोलत बसली. तो तिच्याकडे सौजन्याने बघायचा आणि उत्तर द्यायचा नाही. झुबक्यात गुंता झाला. नखं वाढली, सगळी सारखीच.

तिला हायसं वाटायला हवं होतं. इथे कुणी येत नाही, याचा हाच तर पुरावा होता. पण तो गुंता बोटांना लागला आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा ती भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

रविवारी ती भावोजींकडे गेली तेव्हा त्यांनी दाढी केली होती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. ते शांत होते, सामान पाठवून दिल्यावर रिकाम्या खोलीत माणूस असतो तसे.

"बोलली," ते म्हणाले.

धाकटी खुर्चीच्या काठावर बसली.

"काल. दिवेलागणीला. इथेच, कानाशी. आवाज अगदी तोच, जरा सर्दी झाल्यासारखा." ते थांबले. "मला वाटलं होतं, विचारेल, जेवलात का. औषध घेता का. नाहीतर रागवेल तरी."

"मग?"

"म्हणाली, गोंडा कुठंय?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"एवढंच?"

"एवढंच. पुन्हा पुन्हा. घाबरली होती गं ती. सगळ्या घरात शोधत होती. मला बघवेना… म्हणजे, दिसत नव्हतीच." त्यांनी थरथरते हात मांड्यांखाली दाबून धरले. "मी तुझा पत्ता सांगितला. कुठल्या मजल्यावर, कुठलं दार, सगळं नीट समजावलं. तिला नवीन रस्ते कधी सापडत नाहीत. तेव्हापासून इथे काही नाही. अगदी काही नाही."

"भावोजी, तुम्ही चला माझ्याकडे. आत्ता चला."

"नको. बोलावणं मला नव्हतं." दारापर्यंत तिला सोडायला ते आले. मग, तिच्याकडे न बघता म्हणाले, "भेटली तर एवढं विचार तिला. माझं काही चुकलं का."

संध्याकाळच्या उजेडात धाकटी आपल्या इमारतीचा जिना चढली. दुसऱ्या मजल्यावर तिला तो आवाज ऐकू आला. बारीक, चढउताराचा. मग शांतता. मग पुन्हा तो.

ती दारापाशी पोचली. किल्ली हातातच राहिली.

गोंडा भरभरून बोलत होता. किती दिवसांचं साठलेलं.

तिने कपाळ दाराला टेकलं. आपण काय करतो आहोत हे तिला स्पष्ट कळत होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली. "भावोजी विचारतात, त्यांचं काही चुकलं का?"

आत मांजर गप्प झालं.

शांतता लांबत गेली. धाकटी कान देऊन होती. पलीकडे गोंडाही तसाच कान देऊन बसला असणार, मान तिरकी करून, मध्ये न बोलता. तिला स्वतःच्या श्वासाखेरीज काहीच ऐकू आलं नाही.

मग गोंडा बोलला. हलक्या आवाजात, अगदी थोडं. आपल्याला सांगितलेलं आपल्याला कळलं, एवढंच सांगावं तसं.

उत्तर मिळालं होतं. मांजराला.